बाद होण्याचा हक्क

खेळाचा तास सुरू झाला की चौथीचा वर्ग मैदानावर सांडतो. चपला भिंतीकडेला, पाण्याच्या बाटल्या कडुनिंबाखाली, आणि बाटल्यांशेजारच्या दगडी पायरीवर एक मुलगा. त्याच्या उजव्या कानामागे एक छोटं यंत्र आहे. त्यातून निघालेली बारीक वायर केसांत चिकटलेल्या नाण्याएवढ्या चकतीपर्यंत गेलेली. मांडीवर गुणांची वही. तो आजारी नाही, त्याला कुठे लागलेलं नाही, तो बादही झालेला नाही. तरी तो बाहेर आहे.

ही पायरी मी वेगवेगळ्या शाळांत पाहिली आहे आणि तिच्याभोवतीचं बोलणंही ऐकलं आहे. पुढचा संवाद त्या बोलण्यातून रचलेला आहे. एका बाजूला खेळाचे सर, दुसऱ्या बाजूला मुलाची आई. भलं दोघांनाही त्याचंच हवं आहे, म्हणून हा वाद सोपा नाही.

सर : या ताई, बसा. निरोप मिळाला तुमचा. रागावून आलात ना?

आई : रागावून नाही सर, विचारायला आले. तो घरी आला की मी रोज विचारते, आज काय खेळलास? रोज एकच उत्तर मिळतं, “मी गुण लिहिले.”

सर : वही त्याच्या हातात दिली ती त्याला बाजूला टाकायला नव्हे. अक्षर चांगलं आहे, हिशेब पक्का आहे. आणि खरं सांगू का, मला भीती वाटते. एका तासाला पन्नास-पंचावन्न पोरं आणि मी एकटा. मागच्या महिन्यात एकाच्या भुवईवर चेंडू बसला, दोन टाके पडले. तोच चेंडू याच्या कानामागे बसला असता तर? डोक्याचं ऑपरेशन झालेलं पोर. तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं मी?

आई : तुमच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. ती माझ्या घरी तुमच्या आधीपासून मुक्कामाला आहे. पण एक विचारते. त्याच्या डोक्यात नेमकं काय बसवलंय असं तुम्हाला वाटतं?

सर : मशीन. मेंदूला जोडलेलं.

आई : मेंदूला नाही, सर. त्याचे दोन भाग असतात. आतला भाग कानामागच्या हाडावर, कातडीखाली बसवलेला असतो. त्यातून एक अगदी बारीक तार निघते, ती आतल्या कानातल्या शंखात सरकवलेली असते. गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा अवयव आहे तो. बाहेरचा भाग म्हणजे कानामागचा हा प्रोसेसर आणि केसांतली ही कॉइल. कातडीला भोक वगैरे काही नाही. आतलं आणि बाहेरचं लोहचुंबक एकमेकांना धरून राहतं. प्रोसेसर आवाज पकडतो, कॉइल तो कातडीतून आत पोचवते आणि आतली तार ऐकण्याच्या नसेला जागं करते. कॉइल सुटली की त्याचं सगळं जग एका क्षणात मुकं होतं.

सर : शंखात तार घालायची म्हणजे नाजूकच काम.

आई : थेरपीच्या मॅडमनी त्याची गोष्ट सांगितली होती. ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या वडिलांना कमी ऐकू यायचं. क्लार्कांना आतल्या कानात तारा बसवायच्या होत्या, पण त्या वेटोळ्यात पुढे सरकत नव्हत्या. १९७७ साली सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना त्यांनी एक शंख उचलला आणि गवताची पाती त्यात घालून बघितली. टोकाला लवचीक आणि बुडाला ताठ असलेली पाती वळणावळणानं आत गेली. तारही तशीच करायची, हे तिथे सुचलं. १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांनी पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली.

सर : ताई, तुम्ही माझीच बाजू मांडताय. इतक्या कष्टानं मिळालेली वस्तू सांभाळायची की मैदानात न्यायची?

आई : मिळाली कशी तेही ऐका. हा दहा महिन्यांचा असताना मागे पातेलं पडलं आणि याची पापणीसुद्धा लवली नाही. तिथून तपासण्या, दवाखाने, सरकारी योजनेचे कागद. अडीच वर्षांचा असताना ऑपरेशन. पुढची चार वर्षं आठवड्यातून दोनदा एसटीनं थेरपीला. पहिल्यांदा “आई” म्हणाला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. हे सगळं आम्ही त्याला माणसांत आणण्यासाठी केलं. आणि चौथीतल्या पोराची माणसं कुठे असतात? मैदानात.

सर : घरातला दागिना आपण रोज घालून फिरतो का?

आई : दागिना नाही तो सर, कान आहे. कान कुणी पेटीत ठेवत नाही.

सर : बरं, कान म्हणू. पण कान फुटू शकतो की नाही?

आई : फुटू शकतो. तिथे मी खोटं बोलणार नाही. कानामागे जोराचा मार बसला तर आतला भाग बंद पडू शकतो, मग पुन्हा ऑपरेशन. वरची कातडी सुजली तर कॉइल बसत नाही. बाहेरच्या प्रोसेसरची किंमत लाखांत आहे. म्हणून तर त्याला सगळं खेळू द्या असं मी म्हणतच नाही. बॉक्सिंग नको, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. कबड्डीलाही मी नकोच म्हणते. तिथे पकड होते, डोकं जमिनीवर आपटतं. सायकल चालवताना हेल्मेट. तेही कॉइलवर दाबणार नाही असं बघून घेतलेलं. सीझनच्या चेंडूसमोर हेल्मेटशिवाय उभं राहायचं नाही. यादी आहे माझ्याकडे. तुम्ही एकाच शब्दाची यादी केलीत, “नको.” माझं म्हणणं इतकंच, की एकेक खेळ वेगळा मोजू या.

सर : मी त्याला अगदीच बसवून ठेवलेलं नाही. बालवाडीच्या अंगणातल्या घसरगुंडीवर पाठवतो अधूनमधून. ते सुरक्षित आहे.

आई : तो नवा निळा प्लास्टिकचा घसरगुंडीचा सेट?

सर : हो, तोच.

आई : सर, माझ्या यादीत त्याच्यापुढे खूण आहे. कोरड्या हवेत प्लास्टिकवरून घसरलं की अंगावर स्थिर वीज साठते. पोरांचे केस उभे राहतात, हात लावला की चटका बसतो. त्या ठिणगीनं प्रोसेसरमधली मांडणी बिघडू शकते. हल्लीची यंत्रं पूर्वीपेक्षा खूप तग धरतात, तरी प्लास्टिकच्या घसरगुंडीवर जाण्याआधी प्रोसेसर काढून ठेवा, असंच आम्हाला शिकवलंय. आणि मैदानावर मातीत धावायला काहीच हरकत नाही म्हणून सांगितलंय.

सर : म्हणजे मी सुरक्षित म्हणून पाठवलं तिथे जपायला हवं होतं, आणि धोका म्हणून अडवलं तिथे मोकळीक होती?

आई : तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक माझीही आहे. पहिल्याच दिवशी यादी तुमच्या हातात द्यायला हवी होती. तुम्ही आपणहून विचाराल, याची मी वाट बघत बसले.

सर : पोहणं?

आई : येतं त्याला. याच्या वडिलांनी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकवलं. प्रोसेसर आणि कॉइल काठावर डबीत. आतला भाग कातडीखाली आहे, त्याला पाण्याचं काही होत नाही. फक्त पाण्यात त्याला काही ऐकू येत नाही. म्हणून शिकवणारा त्याच्या समोर हवा आणि खुणा आधी ठरलेल्या हव्यात. हात वर केला की बाहेर यायचं, मूठ दाखवली की थांबायचं. अजून एकदाही चुकला नाही.

सर : ताई, तुम्ही यंत्राचं सांगितलंत. आता मी मैदानाचं सांगतो, ते तुम्हीही ऐका. यंत्र शाबूत राहिलं तरी माझी काळजी संपत नाही. मी शिट्टी वाजवली तर तो थांबत नाही. मागून हाक मारली तर डावीकडे बघायच्या ऐवजी उजवीकडे बघतो. पोरांचा गलका सुरू झाला की त्याला काहीच उमगत नाही. दोन पोरं समोरासमोर धावत आली तर एक जण दुसऱ्याच्या ओरडण्यावर बाजूला होतो. हा होणार नाही.

आई : खरं आहे. एकाच कानाला यंत्र आहे. आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कान लागतात. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणंही त्याला जड जातं.

सर : आणखी एक. हे तुम्हाला माहीत आहे का, मला ठाऊक नाही. योगासनांच्या तासाला वृक्षासन घेतो मी. एका पायावर बाकीची पोरं दहा-पंधरा आकडे उभी राहतात, हा तिसऱ्या आकड्याला डगमगतो. डोळे मिटायला सांगितले की लगेच पडतो. रांगेत मागे वळतानाही तोल जातो. मी दोन वर्षं बघतोय. मला वाटलं, ऑपरेशनचा अशक्तपणा असेल. मी त्याला बसवलं याचं अर्धं कारण ते आहे.

आई : हे… हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी पडतो तो. गुडघे कायम फुटलेले. मी म्हणायची, धांदरट आहे.

या ठिकाणी मी संवाद क्षणभर थांबवतो, कारण सरांनी जे पाहिलं ते महत्त्वाचं आहे. आतल्या कानात ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणारा अवयव शेजारी-शेजारी असतात. द्रव एकच, नसही जवळपास एकच. जन्मापासून शंख अधू असलेल्या बऱ्याच मुलांचा तोलही कच्चा असतो. ही मुलं डोळ्यांच्या आधारानं उभी राहतात. म्हणून उजेडात ती चांगली चालतात आणि डोळे मिटले किंवा अंधार पडला की डगमगतात. कान तपासताना तोलाकडे लक्ष जातंच असं नाही. मैदानावर रोज मूल बघणाऱ्या शिक्षकाला ते आधी दिसतं. यंत्राची माहिती आईकडे होती आणि शरीराची सरांकडे. दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

आई : मग तुमचंच बरोबर, सर. तोल जात असेल तर पडेल, पडला तर डोकं आपटेल. मी उगीच हट्ट धरला.

सर : थांबा, इतक्यात हरू नका. तुम्ही म्हणालात की घरी पडतो, गुडघे फुटतात. म्हणजे मैदानावर न येताही पडतोच आहे. मी त्याला पायरीवर बसवून त्याचं पडणं थांबवलेलं नाही. मैदानाच्या मातीवर पडायचा तो घरच्या फरशीवर पडतोय, एवढंच.

आई : मग करायचं काय?

सर : तोल हा सरावाचा भाग आहे. कान मदत करत नसेल तर घोटे, तळवे आणि डोळे जास्त काम शिकतात. आपल्याकडे त्याचा खेळ आहेच की. लंगडी! एका पायावर पळायचं, वळायचं, गडी पकडायचा. ठिक्करपाणी घ्या. घरात उड्या मारायच्या, रेषेवर पाय पडू द्यायचा नाही. मऊ मातीत, आधी माझ्यासमोर एकटा, मग दोघांत, मग संघात. महिना-दोन महिने. पण डॉक्टरांकडून तोल तपासून आणा आणि मला लेखी द्या, काय चालेल आणि काय नाही. तोंडी मला चालणार नाही.

आई : देते. कागद मीच आधी द्यायला हवा होता.

सर : तरी अजून माझं मन पूर्ण तयार नाही, हे स्पष्ट सांगतो. १२ जून २०२१ ची मॅच मी रात्री जागून बघत होतो. कोपनहेगनला डेन्मार्क आणि फिनलंड. ख्रिश्चन एरिक्सन धावता धावता कोसळला, हृदय बंद पडलं. सगळा संघ त्याच्याभोवती कडं करून उभा राहिला. वाचला बिचारा. मग छातीत यंत्र बसवलं, हृदयाचा ठोका बिघडला तर आतून शॉक देणारं. तो इटलीत इंटर मिलानकडून खेळायचा. असं यंत्र घेऊन इटलीच्या लीगमध्ये खेळता येत नाही, म्हणून त्याला तो क्लब सोडावा लागला. मला तो नियम पटला होता. माणूस जिवंत आहे ना, मग पुरे की.

आई : पुढे काय झालं त्याचं?

सर : इंग्लंडनं खेळू दिलं. जानेवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डनं घेतलं. आणि जून २०२४ मध्ये युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध त्यानं गोल केला. रडलो मी तेव्हा.

आई : म्हणजे माणूस तोच, यंत्र तेच, आणि दोन देशांची दोन उत्तरं.

सर : हो. पण फरक विसरू नका. तो तिशीला टेकलेला माणूस. डॉक्टरांशी बोलून स्वतःचा धोका स्वतः पत्करला त्यानं. तुमचा लेक नऊ वर्षांचा. त्याचा धोका आपण त्याच्या नावावर पत्करायचा. म्हणून आपला हात जास्त थरथरला पाहिजे.

सरांचं हे वाक्य मला टाळता येत नाही, आणि त्याच्यापुढे एक गोष्ट ठेवावीशी वाटते. हृदयात शॉक देणारं यंत्र असलेल्यांना खेळू द्यावं का, यावर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये कडक सल्ला दिला होता. गोल्फसारखे हलके खेळ सोडून बाकी नको, असा. त्यामागे भीती होती आणि भीतीला कारणंही होती, पण प्रत्यक्ष नोंदी फारशा नव्हत्या. मग येल विद्यापीठाच्या रेचल लॅम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं यंत्र असूनही खेळणाऱ्या ३७२ जणांची नोंद ठेवली. त्यात दहा वर्षांच्या मुलांपासून साठीच्या माणसांपर्यंत सगळे होते. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. काहींना खेळताना शॉक बसले, पण खेळामुळे एकाचाही मृत्यू झाला नाही, शॉकमुळे कुणी जखमी झालं नाही. २०१५ मध्ये सल्ला सैल झाला. ‘सगळ्यांनी खेळा’ असं तो म्हणत नाही. माणूस बघा, आजार बघा, खेळ बघा आणि मग ठरवा, असं म्हणतो.

हेच इतर यंत्रांनाही लागू होतं. मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारी नळी कातडीखाली असलेली मुलं असतात. पोटात किंवा छातीत पेसमेकर असलेली मुलं असतात. प्रत्येकाच्या अंगावर मार बसू नये अशी एक जागा आहे आणि त्याभोवती पुष्कळ मोकळी जागा आहे. मुलाला त्या मोकळ्या जागेत कसं आणायचं, हा मोठ्यांचा अभ्यास आहे. तो न करता दिलेला नकार मुलाला सुरक्षित ठेवत नाही. त्यानं आपल्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, एवढंच.

आई : सर, कायद्याची भाषा मला बोलायची नव्हती. तरी एकदाच म्हणते. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात लिहिलंय, की मान्यताप्राप्त शाळेनं अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळाचीही संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायची.

सर : माहीत आहे मला. पण ताई, पोर पडायला लागलं की कायदा धावत येत नाही. मला धावावं लागतं.

आई : म्हणूनच मी कायदा घेऊन आले नाही, पोरगं घेऊन आले.

सर : ठीक. मग एक मधला मार्ग काढू. त्याला लिंबूटिंबू म्हणून घेऊ. सगळ्यांबरोबर पळेल, पण त्याला कुणी बाद करायचं नाही. कुणी जोरात अंगावर जाणार नाही. त्यालाही बरं, मलाही बरं.

आई : नाही सर.

सर : का? आपण सगळे लहानपणी लिंबूटिंबू होतोच की.

आई : होतो, चार-पाच वर्षांचे असताना. मोठ्या भावंडांच्या शेपटीला लागून. ज्या दिवशी कुणी ओरडून “आऊट!” म्हणालं, त्या दिवशी आपण खरे खेळात आलो. आठवतंय तुम्हाला? मला आठवतं. रडले होते मी, आणि आतून आनंदही झाला होता. चौथीतल्या पोराला लिंबूटिंबू करणं म्हणजे त्याच्या अंगणात उभं राहून, “तू आमच्यातला नाहीस,” असं गोड बोलून सांगणं. पायरीवर बसवलं तेव्हा निदान त्यानं मैदान मागितलं असतं. लिंबूटिंबू झाला की तेही मागता येणार नाही. मला तो बाद व्हायला हवाय, सर.

सर : …

आई : आणि भाषेचंही सांगते. थेरपीत तो “हा चेंडू लाल आहे” असं पूर्ण वाक्य बोलायला शिकला. पण “ए, टाक ना!”, “रडीचा डाव खेळू नको”, “माझा भिडू कोण?” हे कुठल्या थेरपीत शिकवतात? हे गलक्यातच ऐकू यायला लागतं. गोंगाटातून शब्द उचलायचा सराव गोंगाटातच होतो.

सर : खो-खो.

आई : काय?

सर : विचार करतोय. कुठल्या खेळातून सुरुवात करायची. क्रिकेटला लांबून हाका मारतात, त्या याला कळणार नाहीत. फुटबॉलला डोक्यानं चेंडू मारावासा वाटतो. खो-खोचा नियम बघा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला नियम बांधले. खो मागूनच द्यायचा, पाठीला हात लावून आणि मोठ्यानं “खो” म्हणून. दोन्ही एकदम. नुसतं ओरडून चालत नाही आणि नुसता हात लावूनही चालत नाही.

आई : म्हणजे आवाज ऐकू आला नाही तरी पाठीवर थाप येणार.

सर : आणि कुणाकडून आला, कुठून आला, हे शोधायची गरज नाही. उठायचं आणि तोंड ज्या बाजूला आहे तिकडे धावायचं. बसलेल्यांची तोंडं आलटून पालटून उलट दिशांना असतात, म्हणून समोरचं सगळं त्याला दिसतं. आठ जण ओळीत बसलेले, त्यातला एक हा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा मी या पोरांना अंतिम सामने दाखवले. पुरुष आणि महिला, दोन्ही चषक आपण जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. हा सगळ्यांत पुढे बसला होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आई : पण खांब? खांबाला धरून वळतात, सूर मारतात.

सर : बघा, आता तुम्ही घाबरायला लागलात आणि मी हिशेब करतोय! खांबाजवळ तो सध्या जाणार नाही. सूर मारणं तर चौथीत कुणालाच शिकवत नाही मी. मधल्या जागांवर बसेल. पळतीला पाठवीन तो तोल सुधारल्यावर. शिट्टीबरोबर मी हातही वर करीन, म्हणजे त्याला दिसेल. ते सगळ्या पोरांनाच सोयीचं होईल. आणि कॉइल पडली तर?

आई : कपाळपट्टी बांधते. शिवाय दोरीची क्लिप शर्टच्या कॉलरला. तरीही पडली तर पोरांनी पाय ठेवायचा नाही, एवढंच.

सर : मग नियम करू. कॉइल पडली की कुणीही ओरडायचं, “टाइमप्लीज!” सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. हा कॉइल लावेल, अंगठा दाखवेल, खेळ सुरू. पोरं टाइमप्लीज जन्मापासून पाळतात. त्यांना मी वेगळं शिकवायला नको. आणि डोक्याला लागलंच तर मी काय बघू?

आई : कानामागे सूज आहे का ते बघा. मग त्याच्या मागे उभे राहा आणि सहा आवाज काढा. आ, ई, ऊ, म, स, श. त्यानं एकेक आवाज परत म्हणायचा. जाड आवाजांपासून अगदी बारीक आवाजांपर्यंत त्याला ऐकू येतंय की नाही, हे त्यातून समजतं. मी रोज सकाळी तोंडावर हात धरून करते. एखादा जरी आवाज चुकला किंवा डोकं दुखतंय म्हणाला, तर खेळ थांबवा आणि मला फोन करा. पुढचं दवाखान्याचं मी बघेन.

सर : आ, ई, ऊ, म, स, श. लिहून घेतो. शेवटचं एक. आपण दोघं तासभर बोललो. त्याला विचारलं का कुणी?

आई : मी विचारलं नाही. “नाही” ऐकायची भीती होती की “हो” ऐकायची, ते मलाच कळत नाही.

सर : उद्या आपण दोघं मिळून विचारू. लंगडीला हो म्हणाला तर सोमवारपासून. कागद आला की खो-खो. आणि तो नको म्हणाला, त्याला खरोखर वहीच आवडते म्हणाला, तर वही. पण ते त्यानं म्हणायला हवं.

आई : आणि बाद झाला तर रडेल. सांगून ठेवते, घरी फार रडतो हरला की.

सर : रडू दे. बाद झाला की याच पायरीवर येऊन बसेल, घाम पुसेल, कुणी बाद केलं त्याच्यावर चिडेल. पुढचा डाव लागला की उठेल. सगळी पोरं तसंच करतात, ताई. पायरी त्यासाठीच बांधलीय.